नसीम, तुझ्या चरख्याचा बोर्ड बदलला

नसीम,

तुझ्या चरख्याचा बोर्ड मी बदलला. तू असतीस तर आधी "आग नाय ना लागली गो?" असं विचारलं असतंस आणि मग झाकणाचे स्क्रू एकेक करून बोटाने चाचपले असतेस. एक स्क्रू उरला आहे. तो कुठला, हे मला अजून कळलेलं नाही. पण चरखा चालतो आहे.

तुझ्याविषयी चार शब्द लिहून द्या, असा आपल्या शाळेतून निरोप आला होता. तू विज्ञान कसं शिकवायचीस, मुलांना कशी शिस्त लावलीस, असं काहीतरी त्यांना हवं होतं. शाळेच्या वाचनालयात असे लेख मी आयुष्यभर चिकटवून ठेवत आले, आणि त्यांत मला माणूस फारसा कधी सापडला नाही. म्हणून तो लेख दुसऱ्या कुणालातरी लिहू द्या, असं सांगून टाकलं. मला तुझ्याबद्दल बोलायचं नाही. तुझ्याशी बोलायचं आहे. आपलं शेवटचं भांडण चरख्यावरून झालं होतं आणि ते अर्धंच राहिलं.

तुझा जनाजा घरातून निघाला त्या दिवशी यूसुफभाईंनी शेडमधले सगळे लूम बंद ठेवले होते. तुझं घर आणि तुझ्या धाकट्या भावाची ती शेड यांच्यामध्ये एकच भिंत. इतकी वर्षं मी तुझ्याकडे येते आहे, पण तुझ्या घरातल्या घड्याळाला आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं. बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या, मी त्यांच्यातच होते. कोपऱ्यात स्टुलावर चरखा होता आणि धूळ बसू नये म्हणून तू टाकलेली जुनी ओढणी त्यावर तशीच होती. ती ओढणी काढून घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

नंतर एका सकाळी यूसुफभाईंचा फोन आला.

"सुमनताई, शेड खाली करतोय. पूर्णा गावच्या एका पार्टीला गोडाऊनसाठी दिली. लूम सगळे भंगारात चाललेत. आपाचा तो चरखा तुम्ही घेऊन जा. इथं राहिला तर हे लोक तो पण गाडीत टाकतील."

"आणि सूत?"

"सूत कसलं? एक बॉबिन भरलेली आहे, एक रिकामी. आणि कापसाचे पेळू आहेत पिशवीभर. सगळंच घ्या."

मी रिक्षात मांडीवर घेऊन तो कोनला, आमच्या घरी आणला. वहिनी दारातच उभी होती. तिने ओढणी उचलून खाली पाहिलं. "ह्या काय? मिक्सर हाय?" मी म्हटलं, चरखा आहे, नसीमचा. "न्हाय, चरख्याला चाक असतं, ह्याला तं वायर हाय," असं म्हणून ती आत गेली आणि थोड्या वेळाने माझ्या खोलीतलं टेबल रिकामं करून, पुसून गेली. माझी पुस्तकं तिने पलंगावर रचून ठेवली होती.

वहिनीचा आणि माझा मुद्दा एकच होता, हे तुला ठाऊक आहे. निवृत्त झाल्यावर तू खोक्याएवढा लाकडी सांगाडा सुताराकडून करून घेतलास, त्यात मोटर बसवलीस, वेग कमीजास्त करायचा बोर्ड स्वतः सोल्डर केलास आणि मला बोलावून म्हणालीस, "बघ, चरखा." मी म्हटलं, याला चरखा म्हणायचं नाही. हाताने किंवा पायाने फिरवायचं ते चाक; त्या फिरवण्यातच सगळं आहे; मोटर लावली की ती लहानशी गिरणी झाली. तू पेडलवर पाय ठेवलास, फिरकी गरगरली, आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "माझे गुडघे तुझ्या पुस्तकांनी वाचलेत का? फिरवण्यात काय ठेवलंय? सूत बोटांत तयार होतं. मोटर फक्त गोल फिरते, तिला अक्कल नाय. तू बल्बखाली वाचतेस तेव्हा बल्ब वाचतो का?"

त्याचं उत्तर मी पुढच्या रविवारी घेऊन आले, तर तुलाही त्यावर एक उत्तर तयारच होतं. असे आपले किती रविवार गेले! तू कातायचीस, मी समोरच्या खुर्चीत बसून वाचायचे, आणि मध्येच कुणीतरी एक वाक्य टाकायचं. तू कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायचीस. शेवट पटला तरच पुस्तक घरी न्यायचीस. याचा मला संताप यायचा. पण मी कधी सांगितलं नाही, की पुस्तकांना इतक्या बेफिकिरीने हात लावणारी तेवढी तूच होतीस आणि तुझ्याजवळ मला पुस्तकांपासून जरा सुट्टी मिळायची.

तुझं खरं वेड मला उशिरा समजलं. एकदा यूसुफभाई सुताच्या गोण्या उतरवून घेत होते. त्या नेहमीप्रमाणे दक्षिणेकडच्या गिरणीतून आल्या होत्या. तू खिडकीतून बघत म्हणालीस, "सगळ्या दुनियेचं कापड आपण विणतो आणि धागा एक आपला नाय. भिवंडीत कातलेलं सूत भिवंडीच्या लूमवर चाललंय असं कुणी बघितलंय?"

यूसुफभाईंनी ऐकलं. "आपा, तुझं सूत माझ्या लूमवर? धोट्याचा एक फटका बसला की तुकडे होतील. आणि कापूस काय भिवंडीत पिकतो?"

"कापूस शेतात होतो, सूत हातात होतं. लावून तर बघ."

त्यांनी लावून पाहिलं. तुझं एकेरी सूत कांडीवर भरलं, कांडी उभ्या धाग्यांमधून ये-जा करणाऱ्या धोट्यात घातली, लूम चालू केला. धोटा पलीकडे पोचायच्या आत बाणा, तो आडवा धागा, तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. यूसुफभाई हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे आपा, रुमाल बिमाल विण तू." रुमाल म्हटल्यावर तुझं तोंड कसं झालं होतं ते मी पाहिलं. घरात येऊन तू म्हणालीस, "दुपदरी करीन. दोन धागे एकत्र पिळले की तुटेल कसा ते बघते. उभा ताणा राहू दे गिरणीचा. आडवा माझा. अर्धं तरी कापड आपलं होईल."

म्हणून ती एक बॉबिन भरलेली आणि दुसरी रिकामी. पहिला पदर तू कातून ठेवला होतास. दुसऱ्याच्या आधी तुला बोर्ड बदलायचा होता.

नवा बोर्ड तू मागवलास आणि मला दाखवलास. छोटासा, हिरवा, वेगाचे आकडे दाखवणारा. मी विचारलं, चाललंय ना सगळं, मग बदलायचा कशाला? पहिली बॉबिन काय वाईट कातली गेली? तू म्हणालीस, "चाललंय नाय, रडतंय. हळू केलं की मोटर रडते. झटका देते. दोन्ही पदर सारखे हवे असतील तर झटका नको."

"मला तर काही रडणं ऐकू येत नाही."

"तुला कसं येईल? मला पण येत नाय. हात ठेवला की कळतं."

मी म्हटलं, जुना बोर्ड तू स्वतः केलेला आहेस, तो काढून बाजारातला लावणार? तू म्हणालीस, "मी केला म्हणून चांगला झाला काय? पोरांना असं शिकवलं का मी?" आणि मग, निघताना, "येत्या रविवारी ये. तू स्क्रू धर, मी बोलणी खाते तुझी." त्या रविवारी चांगलं उत्तर घेऊन यायचं मी ठरवलं होतं; त्याआधीच तू गेलीस.

कोनच्या खोलीत मी पहिल्यांदा चरखा लावला तेव्हा दुपारची वेळ होती. महामार्गावरच्या कंटेनरचा आवाज सोडला तर आमच्याकडे शांत असतं. पेडल दाबलं, गुंडी फिरवून वेग कमी केला, आणि मला ते ऐकू आलं. बारीक, वरच्या पट्टीतला सूर; मध्येच हुंदका दिल्यासारखा तुटायचा आणि तिथेच फिरकी झटका खायची. तुझ्या घरी भिंतीपलीकडे लूमची खटखट असायची. तिच्यात हा आवाज कुणालाच ऐकू आला नसता. तू तो हाताने ओळखला होतास. मी पेडलवरचा पाय काढला आणि पेळूंची पिशवी पुन्हा बांधून ठेवली. आधी बोर्ड, मग सूत.

यूसुफभाईंना फोन करून सांगितलं, की मी दुसरी बॉबिन कातणार आहे, दुपदरी सूत करून आणणार आहे, आणि लूम जायच्या आत ते तुम्ही विणायचं आहे.

त्यांनी विचारलं, "सुमनताई, तुम्हाला येतं कातायला?"

"थोडं येतं. आपाने शिकवलंय."

"पार्टी मागे लागलीय माझ्या. लवकर करा मग."

झाकण उघडलं. आत तुझा बोर्ड होता, तुझ्या सोल्डरचे गोळे सांडलेल्या मेणासारखे, एक वायर डिंकाने चिकटवलेली. तो काढताना माझा हात थांबला, हे खरं. पण तू काय म्हणाली असतीस ते मला इतकं स्पष्ट ऐकू येत होतं की थांबणं हा नुसता वेळेचा अपव्यय झाला असता. अडॅप्टरच्या लाल-काळ्या वायरींची मी फार काळजी घेतली, कारण त्या उलट लागल्या तर बोर्ड जळतो हे तू शंभरदा बजावलं होतंस. मोटरच्या दोन्ही वायरी पिवळ्या होत्या. "मोटरच्या उलट लागल्या तर काय जळत नाय," असंही तू म्हणाली होतीस. त्याच्या पुढेही तू काहीतरी म्हणालीस. तेव्हा माझं लक्ष पुस्तकात असणार. मी वायरी खाचेत घातल्या, स्क्रू आवळले, झाकण लावलं. पेडल दाबलं तशी फिरकी इतकी अलगद सुरू झाली की ती फिरते आहे हे क्षणभर कळलंच नाही. आकडे उमटले. आवाज नाही, झटका नाही. मी वहिनीला हाक मारली. तिने येऊन बघितलं आणि म्हणाली, "तुला वायरिंग येतं? मंग आमचा पंखा का न्हाय बघलास इतकं दिस?"

बाजूच्या बटणावर तू खडू-फळ्याच्या सवयीने खुणा केल्या होत्यास. कातायच्या बाजूला व्हाइटनरचा ठिपका, दोन धागे एकत्र पिळायच्या बाजूला काही नाही. मी बटण ठिपक्याकडे केलं आणि कातायला बसले.

मला येत होतं त्यापेक्षा ते कठीण निघालं. तू समोर होतीस तेव्हा धागा तुटला की तू हात पुढे करून जोडून द्यायचीस. आता तुटला की मीच जोडायचा. सुरुवातीचं सूत कुठे दोरीसारखं, कुठे केसासारखं झालं. रोज सकाळी चहा झाला की बसायचे आणि जेवणाची हाक आली की उठायचे. कापूस बोटांतून सुटत जातो तेव्हा डोकं रिकामं होतं, हे तू सांगायचीस आणि मला ते खोटं वाटायचं. माझं डोकं रिकामं झालं नाही. त्यात तू होतीस. कधी तुझ्यावर राग यायचा, की छाती दुखते हे लपवून बसलीस. कधी असं वाटायचं, की पन्नाशी उलटल्यावर मैत्रीण मिळणं किती जणींच्या वाट्याला येतं? शिक्षकांच्या खोलीत तू पहिल्यांदा माझ्या डब्यातली सुकी बोंबील चटणी न विचारता घेतलीस, तेव्हा मी तुला उद्धट समजले होते. दुसऱ्या दिवसापासून मी चटणी जास्त आणायला लागले. यातलं काहीच आपण कधी बोललो नाही. बोलायची गरज आहे असं वाटलं नाही. आता वाटते.

बॉबिन भरत आली तसा धागा बरा होऊ लागला. तुझी शिरीन पुण्याहून आली होती. तिला मी कोनला बोलावून घेतलं. दोन धागे एकत्र पिळताना तुझी लेक तिथे असावी असं वाटलं.

ती आली, तुझी भरलेली बॉबिन हातात घेऊन बसली आणि मला म्हणाली, "खाला, ही अशीच ठेवू या का? अम्मीच्या हातचं शेवटचं आहे. वापरलं की संपेल."

हे मला अपेक्षित नव्हतं. मी तिच्याकडून बॉबिन मागू शकत नव्हते, आणि तिने ती ठेवून घेतली असती तर सगळंच थांबलं असतं. मी म्हटलं, "ठेवायची असेल तर ठेव. ती तुझी आहे. पण तिने ती कपाटात ठेवायला कातली नव्हती."

शिरीन रडली नाही. तुझ्यासारखा नाकाचा शेंडा चोळत राहिली. मग म्हणाली, "मामूला दाखवायला कातली होती."

"हो."

"मग लावा."

दोन्ही बॉबिन खुंट्यांवर लावल्या, फिरकीवर एक रिकामं रीळ चढवलं. बटण ठिपका नसलेल्या बाजूला केलं. दोन्ही धागे हातात एकत्र धरले आणि पेडल दाबलं.

तुझा धागा माझ्या धाग्याभोवती घट्ट आवळत गेला, इतका, की त्याच्या बारीक गाठी उठायला लागल्या. माझा धागा मात्र सैल पडत गेला, फुगला, आणि दोन्ही हात पसरल्याएवढं, वावभर सूत गेल्यावर कापसासारखा सुटून तुटला. मी जोडला, पुन्हा लावलं, पुन्हा तसंच. शिरीनने पेडलवरचा माझा पाय हलकेच बाजूला केला. "थांबा ना खाला. अम्मीचं सूत वाया जातंय."

मी दोन्ही बॉबिनमधून बोटभर धागा ओढला आणि खिडकीपाशी नेला. तुझ्या धाग्यावरच्या पिळाच्या रेघा एका बाजूला तिरक्या होत्या. माझ्या दुसऱ्या बाजूला. अख्खी बॉबिन मी उलट्या पिळाची कातली होती.

मोटरच्या पिवळ्या वायरी उलट लागल्या तर काही जळत नाही. मोटर उलटी फिरते. तुझ्या त्या वाक्याचा पुढचा भाग हाच असणार. पण एवढे दिवस कातून मला ते दिसलं कसं नाही, हे मी खुर्चीत बसून बराच वेळ शोधत राहिले, आणि मग लक्षात आलं. तुझ्याकडे मी नेहमी तुझ्या समोर बसायचे. समोरून बघणाऱ्याला फिरकी उलटी फिरताना दिसते. माझ्या डोळ्यांना तीच दिशा सवयीची होती. उलटं चाललं होतं म्हणूनच मला ते बरोबर वाटत होतं.

शिरीनला सांगितलं तेव्हा ती आधी घाबरली आणि मग हसायला लागली. तुझ्यासारखं, तोंडावर हात न ठेवता. "अम्मीने तुम्हाला फळ्यापाशी उभं केलं असतं."

"केलंच असतं. आणि वर्गाला विचारलं असतं, सांगा, बाईंचं काय चुकलं?"

मग आम्ही दोघी बसलो आणि ते वावभर सूत उलगडलं. मोटरचा प्रश्नच नव्हता. ते हातानेच करायचं होतं. शिरीनने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि पीळ सोडवत सोडवत तुझा पदर माझ्यापासून वेगळा केला. त्याच्या गाठी पूर्ण गेल्या नाहीत, पण धागा वाचला. शिरीनने तो परत तुझ्या बॉबिनवर गुंडाळला.

माझी बॉबिन मी रिकामी केली. तो धागा वाईट नव्हता, चुकीचा होता. यूसुफभाईंना फोन केला.

"परत कातावं लागेल."

"सगळं?"

"माझं सगळं. आपाचं आहे तसंच आहे."

"सुमनताई, भंगारवाला परवा गाडी घेऊन येतोय."

"मग एक लूम मागे ठेवा."

"एक लूम ठेवून काय करू? पार्टीला जागा खाली पाहिजे."

"यूसुफभाई, दारातला ठेवा. पार्टीला सांगा, बहिणीचं काम बाकी आहे. खोटं नाही ते."

ते काहीतरी पुटपुटले, आणि फोन न ठेवताच मागच्या कुणाला तरी ओरडून म्हणाले, "अरे सुन, वो दरवाजे वाला नहीं देना. बाकी ले जा. वो नहीं."

मी झाकण उघडलं, पिवळ्या वायरी अदलाबदल केल्या, आणि या वेळी तुझ्या बॉबिनचा धागा शेजारी धरून, पिळाच्या रेघा जुळतात का ते पाहूनच कातायला बसले. दिशा आता मला विचित्र वाटत होती. डोळे सांगत होते उलटं आहे, बोटं सांगत होती बरोबर आहे. मी डोळ्यांकडे लक्ष देणं बंद केलं. काही दिवसांनी डोळेही गप्प बसले. दुसऱ्यांदा कातलेलं सूत पहिल्यापेक्षा बरं झालं. तुझ्याइतकं नाही, पण धरवेल इतकं.

दोन धागे पिळायला शिरीन थांबली नव्हती, तिला कामावर जायचं होतं. मी एकटीच होते. या वेळी दोन्ही धागे एकमेकांवर असे बसले की हातात फक्त एक गोल, मऊ दोरा राहिला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तुझी बॉबिन फिरत होती आणि तिच्यावरचं सूत उतरत होतं, लाकूड दिसायला लागलं होतं, आणि मला मध्येच पेडलवरचा पाय उचलावासा वाटत होता. मी उचलला नाही. तुझा धागा संपला तेव्हा त्याच्या टोकाला तू सुरुवातीला मारलेली गाठ होती. ती सोडवून मी शेवटचा हातभर धागाही पिळून घेतला.

शेडमध्ये एकच लूम उरला होता. बाकीच्यांच्या जागी फरशीवर तेलाचे काळे चौकोन होते. यूसुफभाईंनी कारीगराला बोलावलं नव्हतं. त्यांनी स्वतः कांडी भरली, धोटा पुसला, आणि लूमचं चाक आधी हाताने फिरवलं. धोटा पलीकडे गेला. परत आला. बाणा अखंड होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खटका दाबला.

त्या आवाजाची सवय गेली होती माझी. मी दोन पावलं मागे सरले. लूम चालला, चालला, आणि थांबला. बाणा तुटला होता. यूसुफभाईंनी वाकून पाहिलं.

"तुमच्या साईडचा पातळ आहे इथं. आपाचा ठीक आहे."

"जोडा आणि लावा."

त्यांनी जोडला. पुन्हा चालू केला. आणखी एकदा तुटला, तोही माझ्याच चुकीने. त्यानंतर तुटला नाही. कांडी संपली, त्यांनी दुसरी घातली, तीही संपली. मग धोट्यात घालायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी लूम बंद केला. कापड दीड वीत झालं होतं. एवढ्या दिवसांचं, दोघींचं मिळून दीड वीत. पांढरं, जरा खरबरीत, आणि उजेडात धरलं की प्रत्येक आडव्या ओळीत तुझा सरळ धागा आणि त्याला बिलगून माझा जाड-बारीक धागा दिसत होता.

यूसुफभाईंनी कात्रीने ते कापून काढलं. दोन्ही हातांनी ताणलं, सोडलं, पुन्हा ताणलं, गिऱ्हाइकाला कापड दाखवताना ताणतात तसं. मग लूमकडे तोंड करून, मला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाले, "आपा, हरलो." मी शेडच्या बाहेर येऊन थांबले.

कापड शिरीनकडे गेलं. ते दोन तुकडे करून वाटून घ्यावं असं यूसुफभाई म्हणत होते, पण मीच नको म्हटलं. तो लूम दुसऱ्या दिवशी गेला. आता त्या शेडमध्ये दुसऱ्या कुणाचे खोके आहेत.

नसीम, मी पेळू मागवले आहेत. अख्खं पोतं आलं, तर वहिनी म्हणाली, "आता हिचा गोडाऊन झाला." या वेळी दोन्ही पदर मला कातायचे आहेत. त्यात तुझा सरळ धागा नसेल. प्रत्येक ओळ जाड-बारीक होईल आणि बाणा पुन्हा पुन्हा तुटेल. यूसुफभाईंनी कोनमधल्या एका लूमवाल्याशी बोलून ठेवलं आहे. तो मला म्हणाला, "बाई, माझा लूम खराब झाला तर?" मी त्याला सांगितलं, तुटला तर धागा तुटेल, लूम नाही. आणि तुटला की मी तिथेच उभी असेन, जोडायला. हे कापड दीड वीत असून भागणार नाही. निदान एका माणसाच्या अंगावर येईल इतकं ते हवं, आणि ते होईपर्यंत मी रोज सकाळी चहा झाला की बसणार आहे.

सुमन